तीन वर्षं अकरा महिने

धैर्यशील मुळीकच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती. कराडच्या शनिवार पेठेत कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हाच आकडा सांगितला असता, आणि वर लग्नात जिलबी कशी कमी पडली होती तेही सांगितलं असतं. लग्न २०१४ सालचं आणि आता २०४६ साल चालू. यात मोजायला यंत्र कशाला लागतं, असं धैर्यशीलला वाटे. पण दिवसच असे आले होते की माणसाला काय वाटतं ते कोर्टात कुणी विचारत नव्हतं.

सारिकानं त्याला सांगितलं ते दुपारी, त्याचं जेवण झाल्यावर. तो जेवेपर्यंत ती थांबली. तो हात धुऊन आला, बडीशेप तोंडात टाकली, तेव्हा समोरच्या खुर्चीची पाठ धरून ती म्हणाली, "मी घटस्फोटाचा अर्ज केलाय. नोटीस यायच्या आधी माझ्या तोंडून कळावं म्हणून सांगते."

धैर्यशील आधी हसला, कारण हे बोलताना तिच्या दुसऱ्या हातात त्याचं ताट होतं. मग त्यानं आपलं काय चुकलं ते विचारलं. काहीच नाही, असं ती म्हणाली. मग पेठेतल्या लोकांचं काही मनावर घेतलं का, तिकडे डोंगरात माझा दुसरा संसार आहे असं कुणी सांगितलं का, असं त्यानं विचारलं. त्यावर तिनं नुसती नकारार्थी मान हलवली.

"मला तुमचा राग नाही हो," ती म्हणाली. "मला तुमची सवय नाही."

आणि ताट घेऊन ती आत गेली.

धैर्यशील बोगद्यांच्या कामावरचा भूवैज्ञानिक होता. हिमाचल, सिक्कीम, भूतान, काश्मीर असं करत त्यानं एकतीस वर्षं डोंगरांच्या पोटात काढली. जमिनीतून काढलेले दगडाचे लांब दंडगोल पेटीत मांडायचे आणि आत पुढे काय लागेल ते सांगायचं, हे त्याचं काम. त्याचा शब्द चुकला तर माणसं मरत, त्यामुळे कॅम्पावर त्याला मान होता. साहेबांचं ताट वेगळं, खोलीवर जायचं. घरी तो वर्षातून दोनदा वीस-वीस दिवस येई, आणि घरीही त्याचा थाट तोच. आला की श्रीखंड, बासुंदी, मटणाचा रस्सा. आधी त्याचं पान व्हायचं, एकट्याचं. आई आणि सारिका उभ्या राहून वाढायच्या, आणि त्याचं झालं की स्वयंपाकघराचं दार लोटून मागून जेवायच्या. जन्मभर त्याला वाटत आलं की आपल्यावर या घराचा केवढा जीव आहे.

आठ महिन्यांपूर्वी तो निवृत्त होऊन कायमचा घरी आला. पहिला महिना श्रीखंडात गेला. त्यानंतर पान रोजचं झालं, पण पद्धत तीच राहिली. तो बाहेरच्या खोलीत टेबलाशी जेवायचा, आणि मग लोटलेल्या दारामागून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज यायचा. आई ब्याऐंशी वर्षांची, सारिका छप्पन्नची, आणि हसायच्या मात्र शाळकरी मुलींसारख्या. एकदा त्याला राहवलं नाही, पाणी प्यायचं निमित्त करून तो आत गेला. दोघी कढईतलंच पिठलं मधे घेऊन खात होत्या. त्याला बघून सारिका उठून उभी राहिली, आईनं पदर सारखा केला, आणि हसणं थांबलं. काय हवं, काय हवं, असं दोघींनी विचारलं. त्याला पाणी मिळालं. पुन्हा त्या जेवत असताना तो आत गेला नाही.

परसात त्या दोघींची रोपवाटिका होती. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना द्यायची, हे काम सासू-सुनेनं वीस वर्षं चालवलेलं. धैर्यशीलनं मातीबद्दल एक-दोनदा सल्ला दिला. दोघींनी तो नीट ऐकून घेतला, चहा दिला आणि आपल्या पद्धतीनं काम चालू ठेवलं. खरं सांगायचं तर आठ महिने पाहुणा ठेवून घेतलेल्या घरासारखी त्या घराची अवस्था झाली होती. पाहुण्याला जा म्हणून सांगायचं कसं, या पेचातून सारिकानं अर्जाचा रस्ता काढला होता.

नव्या कायद्याप्रमाणे दोघांना आधी जिल्ह्याच्या गावी सहवासमापन केंद्रात नोंदणी करावी लागली. तिथल्या डॉक्टर अत्तार या पन्नाशीच्या, गोल चष्म्याच्या बाई. पत्रक पुढे न सरकवता समजावून सांगायची त्यांना हौस होती. त्या म्हणाल्या, आपल्या तोंडात, त्वचेवर, आतड्यात अब्जावधी सूक्ष्म जिवाणू असतात, आणि एका घरात राहणारी माणसं ते एकमेकांना सतत देत-घेत असतात. बोलताना, शिजवताना, एका भांड्यात खाताना, एका उशीवर झोपताना. जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे गेला की तिथे त्याचा वंश वेगळा वाढू लागतो आणि त्याच्या जनुकांत बारीक बारीक बदल साचत जातात, ठरावीक गतीनं.

"तुमच्या घरचं विरजण शेजारणीनं नेलं आणि पाच वर्षं दही लावलं, तर दोन्ही दह्यांत थोडा फरक पडलेला असेल," डॉक्टर म्हणाल्या. "तो मोजून आम्ही सांगू शकतो की विरजण कधी नेलं. आणि दर आठवड्याला नेत असेल तर तेही कळतं."

धैर्यशीलला हे पटकन समजलं. थर वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. इथे दगडाच्या जागी माणूस होता, इतकंच. दोन माणसांतल्या अशा हजारो देवघेवींच्या तारखा लावल्या की ती किती काळ खरोखर एकत्र जगली याचा आकडा निघतो, महिन्याभराच्या फरकानं. घराचा म्हणून जो सामाईक भाग असतो तो वजा करण्यासाठी घरातल्या तिसऱ्या माणसाचाही नमुना घेतात. तो आईचा घ्यायचा ठरलं.

कायदा या आकड्यावर उभा होता. पूर्वी लग्न किती वर्षांचं ते दाखल्यावरून ठरे, आणि त्यावरून घर, हक्क, मुदती असं सगळं. पण नवरा एका खंडात आणि बायको दुसऱ्यात अशी लग्नं वाढली, तेव्हा कागदावरची वर्षं आणि जगलेली वर्षं यांचा मेळ बसेना. म्हणून आता जगलेली वर्षं धरत. पंधराच्या वर असतील तर तो दीर्घ विवाह, त्याचे नियम वेगळे. चार ते पंधरा असतील तर निकालाआधी एक थांबावर्ष: दोघांनी एका छपराखाली राहायचं, आणि वर्षानंतरही अर्ज कायम असेल तरच घटस्फोट. चारच्या खाली असतील तर अल्प विवाह. एकाचाच अर्ज पुरे, निकाल त्याच दिवशी.

धैर्यशीलला ते एक वर्ष हवं होतं. घरात आपली जागा व्हायला आठ महिने कमी पडले, पण आणखी एक वर्ष मिळालं तर होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं. कशी होईल ते मात्र त्याला सांगता आलं नसतं.

परतीच्या बसमध्ये सारिका पुढच्या बाकावर बसली, तो मागे. नोटिशीच्या पाकिटावर त्यानं हिशेब मांडला. वर्षाला चाळीस दिवस, एकतीस वर्षांचे बाराशे चाळीस. म्हणजे तीन वर्षं पाच महिने. त्यात हे आठ महिने. चार वर्षं एक महिना. त्यानं दोनदा बेरीज करून पाहिली. बत्तीस वर्षांचं लग्न पाकिटाच्या पाठीवर चार ओळींत मावलं होतं. चारची रेघ तो एका महिन्यानं ओलांडत होता, आणि यंत्राची चूकही महिन्याभराचीच होती.

नमुने द्यायची तारीख चाळीस दिवसांनंतरची होती; तेवढ्यात देवघेव वाढली तर आकडा वर सरकणार होता. आणि इथे या शहाण्या माणसानं जे केलं ते सांगताना हसावं की काय करावं ते कळत नाही. एका पंगतीला बसू का, असं बायकोला विचारणं हा सरळ मार्ग होता. पण एकतीस वर्षं ज्याला आधी वाढलं गेलं, त्याला मागून मागता येत नाही. त्यानं चोरून उष्टं खायला सुरुवात केली.

दुपारी जेवणं झाली की दोघी परसात रोपांकडे जायच्या. भांडी मोरीत असायची. धैर्यशील स्वयंपाकघरात शिरायचा, सारिकाचं ताट ओळखायचा, कडेला आंब्याची कोयरी कोरलेलं, आणि खिशातला भाकरीचा तुकडा काढून तिच्या वाटीची बाजू पुसून खायचा. तिच्या पेल्यात तळाला राहिलेलं ताक प्यायचा. ज्याच्या सहीशिवाय बोगद्यात सुरुंग उडत नसे, तो माणूस मोरीपाशी उकिडवा बसून कढीपत्त्याची पानं चोखत होता.

पहिल्यांदा त्यानं डोळे मिटून घास गिळला. मग सवय झाली. त्याच्या लक्षात आलं की सारिका आमटीत चिंच जास्त घालते. म्हणजे त्याच्यासाठी आधी आमटी काढून मग उरलेल्यात घालते, कारण एकदा कधीतरी नव्या लग्नात तो आंबट नको म्हणाला होता. दोघी इतकी वर्षं वेगळीच आमटी खात होत्या. ती त्याला आवडली. दहा-बारा दिवसांनी त्याचं नशीबही उघडलं. वाटीत रोज घास-दोन घास आमटी शिल्लक राहू लागली. सारिकाचं जेवण कमी झालं की काय, अशी त्याला काळजी वाटली, पण विचारणार कसं?

एक दिवस आई दारात येऊन उभी राहिली. तो तसाच मोरीपाशी, बोटं वाटीत. आईनं बघितलं आणि काठी टेकत ती परत गेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो घराबाहेर हिंडत राहिला.

नमुने दिले गेले. तीन आठवड्यांनी सुनावणी लागली. गुडघ्यामुळे आई आली नाही. सारिका आणि धैर्यशील एकाच बसनं गेले. कोर्टाची खोली लहान होती, बँकेच्या मॅनेजरची असावी तशी. न्यायाधीशबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. मुलगी ऑकलंडला होती आणि तिनं फोनवर, बाबा, आईला जे हवंय ते होऊ द्या, इतकंच सांगितलं होतं. डॉक्टर अत्तार अहवाल घेऊन बसल्या होत्या.

त्यांनी तो पद्धतीप्रमाणे, मुख्य आकडा शेवटी ठेवून, वाचायला घेतला. धैर्यशील मुळीक यांच्या शरीरात अन्य कोणाही व्यक्तीच्या दीर्घ सहवासाची खूण नाही. म्हणजे पेठेतली कुजबुज खोटी ठरली. धैर्यशीलची मान ताठ व्हायला हवी होती. पण ते वाक्य त्याच्या कानांत जसंजसं मुरलं तसा त्याला घाम फुटला. अन्य कोणाही. एकतीस वर्षं, सात कॅम्प, शेकडो माणसं, आणि त्याच्यावर कुणाचाच थर बसलेला नव्हता.

आईशी त्याचा बालपणाचा सहवास सतरा वर्षांचा, आता पुसट. मग डॉक्टर म्हणाल्या की नियंत्रण नमुन्याबाबत, म्हणजे तिसऱ्या माणसाच्या नमुन्याबाबत, सांगण्याची पद्धत नाही, पण आकडा इतका मोठा आहे की त्याची नोंद करावी लागली. सारिका मुळीक आणि त्यांच्या सासू मालन मुळीक, सहवास एकोणतीस वर्षं सात महिने. केंद्राच्या आजवरच्या नोंदींत एवढा आकडा जोडप्यांतही क्वचित आला होता. सारिकानं खाली बघितलं आणि ती किंचित हसली. दारामागून ऐकू येणाऱ्या हसण्याचा चेहरा कसा असतो, तो धैर्यशीलला त्या क्षणी पहिल्यांदा दिसला.

धैर्यशील आणि सारिका यांचा सहवास: चार वर्षं नऊ दिवस.

त्यानं श्वास सोडला. पण न्यायाधीशबाईंनी कागद जवळ ओढला. शेवटच्या भागात आलेख एकदम वर चढला होता. एवढी देवघेव आधीच्या कुठल्याच वर्षात नव्हती, अगदी लग्नाच्या पहिल्या वर्षातही नाही. आणि एकतर्फी होती, बायकोकडून नवऱ्याकडे. हे चाळीस दिवस काढले तर तीन वर्षं अकरा महिने राहतात, म्हणजे रेघेच्या खाली. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं.

खोटं सुचलं असतं तर धैर्यशील ते बोलला असता. पण दगडाबाबत तो जन्मात खोटं बोलला नव्हता आणि तीच सवय आड आली.

"मी तिचं उष्टं खात होतो," तो म्हणाला. "रोज दुपारी. तिला न कळता."

न्यायाधीशबाईंनी सारिकाकडे वळून सांगितलं की नियमाप्रमाणे असे दिवस धरायचे की काढायचे, हे अर्जदारानं सांगायचं असतं. तिनं मान्य केले तर धरता येतील, आणि मग थांबावर्ष लागेल.

सारिकानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला कळलं होतं," ती म्हणाली. "आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगायच्या आधीच. दहा-बारा दिवसांनी. वाटी चाटूनपुसून लख्ख असायची. तेव्हापासून मी त्यात आमटी ठेवत होते."

धैर्यशीलनं मान वर केली. या बोलण्यात त्याला ते सबंध थांबावर्ष दिसलं. परस, रोपं, ती आंबट आमटी.

"मग धरू का हे दिवस?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नको," सारिका म्हणाली. आवाज हलका होता, पण थांबला नाही. "दारात कुणी उपाशी आलं तर ठेवतो ना आपण, तशी ठेवत होते. नवरा म्हणून नव्हती ठेवली. म्हणून नको."

निकाल लिहायला दहा मिनिटं लागली. अल्प विवाह, तीन वर्षं अकरा महिने. धैर्यशीलनं सही केली. सहीखाली हुद्दा लिहायची सवय होती, तो लिहिता लिहिता राहिला. घर आईच्या नावावर होतं, आई सारिकाजवळ राहणार होती; त्याच्यासाठी विद्यानगरला एक खोली आधीच बघून ठेवली होती. ती सारिकानंच बघितली होती, स्वच्छ, पुढे गॅलरी असलेली. दुसऱ्या दिवशी सामान हलवायचं ठरलं. सामान म्हणजे दोन बॅगा आणि दगडांची एक पेटी.

घरी परतायला दुपारचे दोन वाजले. तो सवयीनं बाहेरच्या खोलीत टेबलाशी जाऊन बसला, आणि बसल्यावर त्याला वाटलं, आता आपण इथे कशाला बसलो? उठून जावं का, खानावळीत जेवावं का, असं मनात चाललं होतं. आत भांडी वाजली. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. आई आणि सारिका हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. मग सारिका दारात आली.

"आत या," ती म्हणाली. "तिघांचं वाढलंय."

तो आत गेला. फरशीवर तीन ताटं होती, मधे आमटीचं पातेलं, भाकरीची टोपली. निकालाआधी मोजणीत धरलं गेलं असतं म्हणून जे वाढता आलं नसतं, ते तिनं आता वाढलं होतं. आई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. त्यानं मांडी घातली. कुणी उभं राहून वाढलं नाही. ज्याला हवं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं होतं. त्याला पळी सापडेना. आईनं ती त्याच्याकडे सरकवली. आमटी चांगली आंबट होती.

कॅम्पावर भराभर जेवायची त्याची सवय. दोन भाकऱ्या त्यानं बघता बघता संपवल्या. दोघींचं अजून निम्मंही झालं नव्हतं. कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या मिरचीला कीड लागली होती त्याबद्दल त्या बोलत होत्या, मधेच हसत होत्या, एकमेकींच्या ताटातून लोणचं उचलत होत्या. त्याच्यासाठी त्या थांबल्या नाहीत आणि त्याच्यामुळे गप्पही झाल्या नाहीत. त्यात त्याला बोलण्याजोगं काही नव्हतं. ताटावर हात धरून तो ऐकत बसला. बोटांवरची आमटी हळूहळू सुकली आणि कातडी ताणल्यासारखी वाटू लागली.

"ऊठ की रं, हात वाळला तुजा," आई म्हणाली.

"असू दे," धैर्यशील म्हणाला. "तुमचं होईपर्यंत बसतो."